पासवर्ड कोणी विसरले नव्हते: एका जिनिंग कारखान्यातील लिनक्स संगणकाचे प्रकरण

धरणगाव तालुक्यातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात, कापसाची आवक ऐन भरात असताना, एका सोमवारी सकाळी दिवाणजींना कार्यालयातील संगणकात प्रवेश मिळेनासा झाला आणि दुपार होईपर्यंत त्या संगणकाला फॉरमॅट मारण्याचा सल्ला देऊन झाला होता. तो सल्ला मालकांना धोक्याचा वाटला म्हणून काम माझ्याकडे आले. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, ज्यांना प्रवेश हवा होता त्या दिवाणजींना आपला पासवर्ड अचूक आठवत होता, संगणकातही कोणता बिघाड नव्हता, आणि तरीही तो पासवर्ड नाकारला जात होता. अशा वेळी रूटचा, म्हणजे संगणकावरच्या सर्वोच्च खात्याचा, अधिकार मिळवून पासवर्ड पुसून नवा टाकणे हा उपाय बहुतेकांना आधी सुचतो. या प्रकरणात तो उपाय केला असता तर काम सुरू झाल्यासारखे दिसले असते आणि त्याच वेळी दुसरे नुकसान झाले असते.

कारखान्याची मांडणी खान्देशातील अशा अनेक कारखान्यांसारखीच आहे. फाटकाजवळ भुईकाटा, त्याला लागून केबिन, केबिनमध्ये विंडोजचा संगणक. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि ठरलेला भाव यांवरून काटा पावती तिथे तयार होते आणि तिची फाइल कार्यालयातील लिनक्स संगणकावरच्या सामायिक फोल्डरमध्ये जाते. दिवाणजी त्या पावत्यांवरून शेतकऱ्यांचे चुकारे काढतात आणि गाठींचा ट्रक बाहेर पडण्याआधी त्याच संगणकाच्या ब्राउझरमधून ई-वे बिल तयार करतात. कार्यालयातला हा संगणक उबुंटू २२.०४ या लिनक्सच्या प्रकारावर चालतो आणि फोल्डर विंडोजला दिसावे म्हणून त्यावर सांबा हे सॉफ्टवेअर बसवलेले आहे. सगळी मांडणी पूर्वीच्या ऑपरेटरने केली होती. मागचा हंगाम संपल्यावर तो नोकरी सोडून गेला आणि त्याचा जुना फोन नंबरही बंद झाला. सुडोचा, म्हणजे प्रशासनाचा, अधिकार केवळ त्याच्या खात्याला होता. उबुंटूमध्ये रूट खात्याला मुळात पासवर्ड दिलेलाच नसतो, त्यामुळे त्या संगणकावर प्रशासन करू शकेल अशी एकही व्यक्ती कारखान्यात उरली नव्हती, आणि ही गोष्ट त्या सोमवारपर्यंत कोणाच्या लक्षातही आली नव्हती.

शनिवारी संध्याकाळपर्यंत दिवाणजींचे काम नीट चालले होते. रविवारी दुरुस्तीसाठी वीज बंद राहिली, यूपीएसची बॅटरी उतरली आणि संगणक आपोआप बंद पडला. सोमवारी तो सुरू केल्यावर प्रवेशाच्या पडद्यावर दिवाणजींचा पासवर्ड चालेना. दोन-तीनदा प्रयत्न केल्यावर खाते लॉक झाल्याचा संदेश झळकून गेला, आणि त्यावरून मालकांना अशी शंका आली की ऑपरेटरने जाताना काहीतरी करून ठेवले असावे. मग तालुक्याच्या गावातील एका दुरुस्ती करणाऱ्याला बोलावण्यात आले. त्याने दोन गोष्टी पाहिल्या. पहिली अशी की काट्याच्या केबिनमधून सामायिक फोल्डर व्यवस्थित उघडत होते, आणि ते दिवाणजींच्याच नावाने उघडत होते. दुसरी अशी की ग्रबमधून, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मेनूतून, रूटचा शेल (आज्ञा टाइप करण्याची जागा) मिळवून त्याने दिवाणजींचा पासवर्ड बदलण्याचा प्रयत्न केला, तेव्हा 'ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर' असा संदेश आला आणि पासवर्ड बदलला नसल्याचे संगणकाने सांगितले. पासवर्ड बरोबर आहे, कारण केबिनमध्ये तो चालतो. रूटलाही तो बदलता येत नाही. तेव्हा हार्ड डिस्क खराब झाली आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. दोन्ही निरीक्षणे खरी होती. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा होता, आणि तो का चुकीचा होता हे समजले की हे प्रकरण निम्मे सुटते.

आधी दुसरे निरीक्षण पाहू. लिनक्सवर वापरकर्त्यांची यादी ईटीसी डिरेक्टरीतील पासडब्ल्यूडी या फाइलमध्ये असते आणि ती कोणालाही वाचता येते. पासवर्डचा हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेला आणि उलट न फिरवता येणारा ठसा, मात्र त्याच डिरेक्टरीतील शॅडो या फाइलमध्ये असतो, आणि ती सामान्य वापरकर्त्याला वाचता येत नाही. पासवर्ड बदलणारी आज्ञाही पासडब्ल्यूडी याच नावाची आहे. ही आज्ञा शॅडो फाइल जागच्या जागी खोडत नाही. ती शेजारी नवी प्रत लिहिते आणि ती पूर्ण झाल्यावर जुन्या फाइलच्या जागी ठेवते, जेणेकरून मध्येच वीज गेली तरी अर्धवट फाइल मागे राहू नये. यासाठी ती फाइल सिस्टिम लिहिण्यासाठी खुली असावी लागते. ग्रबच्या ओळीत इनिट, म्हणजे सर्वांत आधी चालणारा प्रोग्रॅम, म्हणून थेट बॅश हा शेल दिला, तर नेहमीच्या सुरुवातीचे सगळे टप्पे गाळले जातात आणि मूळ फाइल सिस्टिम केवळ वाचण्यापुरतीच जोडलेली राहते. अशा स्थितीत कोणाचाही पासवर्ड बदलायला गेले की वरचा संदेश येतो. डिस्क शंभर टक्के भरली असेल किंवा शॅडो फाइलला अपरिवर्तनीय असे लक्षण लावलेले असेल, तरीही तोच संदेश येतो. तेव्हा या संदेशाचा अर्थ एवढाच घ्यावा की नवे शॅडो लिहिता आले नाही. दुरुस्ती करणाऱ्याने फाइल सिस्टिम लिहिण्यासाठी पुन्हा जोडण्याची एक आज्ञा दिली असती तर त्याचे काम झाले असते. ती त्याने दिली नाही हे, पुढे दिसेल त्याप्रमाणे, दिवाणजींच्या पथ्यावर पडले.

पहिल्या निरीक्षणाचे उत्तर सांबामध्ये आहे. विंडोजच्या पद्धतीने ओळख पटवण्यासाठी सांबाला ज्या प्रकारचा हॅश लागतो तो शॅडोमधील हॅशपेक्षा पूर्णपणे वेगळा असतो. विंडोजचा तो हॅश एमडी-४ या जुन्या पद्धतीने आणि सॉल्ट, म्हणजे यादृच्छिक भर, न मिसळता काढलेला असतो, तर उबुंटू २२.०४ च्या शॅडोमध्ये येसक्रिप्ट वापरले जाते आणि त्या नोंदीच्या सुरुवातीला दोन डॉलर चिन्हांमध्ये वाय हे अक्षर दिसते. एका हॅशवरून दुसरा काढता येत नाही, म्हणून सांबा आपले पासवर्ड स्वतःच्या वेगळ्या साठ्यात ठेवते. ऑपरेटरने केबिनचा संगणक जोडताना दिवाणजींच्या नावाने सांबामध्ये जो पासवर्ड घातला होता, तोच विंडोजने जपून ठेवला होता आणि तोच आजपर्यंत चालत होता. मधल्या काळात दिवाणजींचा लिनक्सचा पासवर्ड अनेकदा बदलला तरी सांबाला त्याची खबर लागण्याचे कारण नव्हते. सांबाच्या मांडणीत दोन्ही पासवर्ड जुळवून ठेवण्याची एक सोय असते आणि उबुंटूत ती चालूच येते. पण ती एकाच दिशेने काम करते: सांबाचा पासवर्ड बदलला की लिनक्सचा बदलतो, उलट होत नाही. शिवाय सांबा ही पडद्यामागे चालणारी सेवा असल्यामुळे दिवाणजी प्रवेशाच्या पडद्यावर अडकलेले असतानाही केबिनचे काम अखंड चालू होते. केबिनमध्ये फोल्डर उघडते यावरून दिवाणजींच्या प्रवेशाबद्दल काहीच सिद्ध होत नव्हते.

तपासाची सुरुवात मी त्याच केवळ वाचता येणाऱ्या शेलमधून केली आणि काही काळ मुद्दाम त्याच स्थितीत राहिलो. अनोळखी संगणकावर हात चालवण्याआधी काय लिहिलेले आहे ते वाचून घ्यावे, आणि लिहिण्याची सोयच बंद असेल तर ते अधिक निर्धास्तपणे वाचता येते. शॅडोमधील प्रत्येक ओळीत अपूर्णविरामांनी वेगळे केलेले नऊ रकाने असतात. पहिल्यात नाव, दुसऱ्यात हॅश, तिसऱ्यात पासवर्ड शेवटचा बदलल्याचा दिवस, आणि पुढच्या रकान्यांत पासवर्डची किमान व कमाल मुदत, मुदत संपण्याआधी किती दिवस सूचना द्यायची तो आकडा, मुदत संपल्यानंतरची सवलत आणि खाते कायमचे बंद होण्याची तारीख. शेवटचा रकाना राखीव असतो. दिवस १ जानेवारी १९७० पासून मोजलेले असतात. उदाहरणार्थ, १ जानेवारी २०२५ हा दिवस तिथे २००८९ असा दिसतो. हे गणित स्वतः करत बसण्याची गरज नसते. चेज या आज्ञेला यादीचा पर्याय दिला की सगळ्या तारखा वाचनीय स्वरूपात मिळतात.

दिवाणजींच्या ओळीत हॅशच्या आधी उद्गारचिन्ह नव्हते. खाते मुद्दाम लॉक केले असते तर ते तिथे दिसले असते, कारण पासवर्ड लॉक करणे म्हणजे हॅशच्या आरंभी उद्गारचिन्ह लावणे एवढेच असते. त्यामुळे टाइप केलेल्या कोणत्याच पासवर्डचा हॅश त्याच्याशी जुळत नाही. ऑपरेटरवरचा संशय इथेच निराधार ठरला. कमाल मुदत ९० दिवसांची होती, सूचना सात दिवस आधी, आणि पासवर्ड शेवटचा बदलल्याची तारीख होती सोमवारच्या आधीचा शनिवार. दिवाणजींना विचारल्यावर त्यांनी लगेच सांगितले, "हो भाऊ, मुदत संपत आल्याचा मेसेज येत होता, म्हणून वहीत लिहून दिल्याप्रमाणे काळ्या खिडकीत जाऊन मीच बदलला. आणि तोच टाकतोय मी सकाळपासून."

आता प्रश्न असा होता की, ज्या पासवर्डने शनिवारी काम झाले तो सोमवारी का चालत नाही. शनिवारी काम खरोखरच झाले होते याचा पुरावा लॉगमध्ये मिळाला. व्हार डिरेक्टरीतील ऑथ लॉगमध्ये शनिवारी दुपारी पासवर्ड बदलल्याची नोंद होती, पाठोपाठ कीरिंगचा, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांच्या पेटीचा, पासवर्डही बदलल्याची नोंद होती, आणि संध्याकाळपर्यंत पडद्याचे कुलूप दोनदा नव्या पासवर्डने उघडल्याचेही दिसत होते. सोमवारच्या नोंदींत आधी अपयशी प्रयत्न आणि मग फेललॉकने खाते तात्पुरते बंद केल्याचा उल्लेख होता. फेललॉक हे पॅमचे, म्हणजे लिनक्सच्या ओळख तपासणाऱ्या यंत्रणेचे, मॉड्यूल ऑपरेटरने लावून ठेवले होते. त्याच्या मूळ आकड्यांप्रमाणे तीन चुकीचे प्रयत्न झाले की दहा मिनिटे बरोबर पासवर्डही नाकारला जातो. पडद्यावर झळकलेला संदेश याचाच होता. फेललॉक आपली नोंद तात्पुरत्या साठ्यात ठेवते, त्यामुळे संगणक पुन्हा सुरू केला की ती पुसली जाते आणि आणखी तीन संधी मिळतात. दिवसभर संगणक बंद-चालू करून प्रयत्न होत राहिल्यामुळे कधी 'चुकीचा पासवर्ड' तर कधी 'लॉक' असे संमिश्र चित्र तयार झाले होते, पण मूळ कारण फेललॉक नव्हते.

शनिवार आणि सोमवार यांच्यामध्ये एकच घटना घडली होती: संगणक नव्याने सुरू झाला होता. नव्याने सुरू झाल्यावर बदलणाऱ्या आणि पासवर्डच्या टायपिंगवर परिणाम करणाऱ्या गोष्टी फार नाहीत. नमलॉक ही एक, आणि कीबोर्डची भाषा ही दुसरी. दिवाणजी शनिवारी दुपारी काय करत होते असे विचारल्यावर, ओला कापूस घेतला जाणार नाही अशी शेतकऱ्यांसाठीची सूचना मराठीत टाइप करत होतो, असे उत्तर आले. ते इनस्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी लिहितात. सूचना लिहिता लिहिता मध्येच त्यांनी टर्मिनल, म्हणजे ती काळी खिडकी, उघडले तेव्हा कीबोर्डची भाषा मराठीच होती. आज्ञा त्यांनी वर बाण दाबून मागच्या वेळचीच आणली, त्यामुळे तीत भाषा लक्षात आली नाही. पासडब्ल्यूडी ही आज्ञा पासवर्ड घेताना पडद्यावर ठिपकेसुद्धा दाखवत नाही, त्यामुळे नवा पासवर्डही देवनागरीत जात आहे हे दिसण्याची शक्यता नव्हती. इनस्क्रिप्टवर इंग्रजी के च्या कळीवर क येतो, जे च्या कळीवर र आणि एच च्या कळीवर प. पासवर्ड दोनदा विचारला जातो, पण दोन्ही वेळा त्याच कळा त्याच भाषेत दाबल्या गेल्यामुळे दोन्ही नोंदी जुळल्या. लिनक्सला त्यात वावगे काही नव्हते. पासवर्ड म्हणजे त्याच्या दृष्टीने बाइटची एक मालिका असते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते एवढाच काय तो फरक.

जुना पासवर्ड मात्र आधी मागितला जातो आणि तो इंग्रजी होता. मग तो कसा चालला, अशी शंका इथे यावी आणि ती मलाही आली. त्याचे उत्तर लॉगमध्ये होते: त्याच मिनिटाला एक अपयशी प्रयत्न नोंदला गेला होता. दिवाणजींच्या सांगण्यानुसार पहिल्यांदा "चुकीचा" आल्यावर त्यांनी भाषा बदलून जुना पासवर्ड टाकला, आणि मग नवा टाकण्याआधी सवयीने पुन्हा भाषेची कळ दाबली. सूचना अर्धवट राहिली होती आणि हात मराठीकडे वळत होता. एकदा असे झाल्यावर संध्याकाळपर्यंत कीबोर्ड मराठीतच राहिला आणि पडद्याचे कुलूप उघडताना त्याच कळांनी काम होत राहिले. सोमवारी नव्याने आलेला प्रवेशाचा पडदा हा दिवाणजींच्या वैयक्तिक मांडणीचा भाग नव्हता. तो संगणकव्यापी मांडणी पाळतो, आणि तीत फक्त इंग्रजी कीबोर्ड होता. म्हणजे दिवाणजी बरोबर कळा दाबत होते, पण त्या पडद्यावर त्यांचा पासवर्ड टाइप करताच येणे शक्य नव्हते.

या टप्प्यावर दोन मार्ग होते. रूट म्हणून नवा पासवर्ड घालणे हा अर्ध्या मिनिटाचा मार्ग होता. तो मी घेतला नाही, आणि त्याचे कारण कीरिंग हे आहे. वापरकर्ता स्वतः पासवर्ड बदलतो तेव्हा त्याला जुना पासवर्ड द्यावा लागतो. जुना आणि नवा असे दोन्ही हाती असल्यामुळे पॅम त्याच वेळी ग्नोम या डेस्कटॉपच्या कीरिंगचे कुलूपही नव्या पासवर्डवर आणते. रूट बदलतो तेव्हा जुना पासवर्ड विचारलाच जात नाही, त्यामुळे कीरिंग जुन्याच पासवर्डने बंद राहते. दिवाणजींच्या क्रोम ब्राउझरमध्ये ई-वे बिलाचा, जीएसटीचा आणि आणखी काही ठिकाणचा पासवर्ड साठवलेला होता, आणि लिनक्सवर क्रोम तो साठा ज्या किल्लीने कूटबद्ध करतो ती किल्ली कीरिंगमध्ये असते. रूटने पासवर्ड बदलला असता तर दिवाणजी आत गेले असते, पण कीरिंग त्यांच्याकडे असा जुना पासवर्ड मागत राहिली असती, जो देवनागरीत होता आणि तो देवनागरीत आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. नव्या पासवर्डने उघडेना म्हणून कीरिंग पुसून नवी केली जाते, आणि तिच्यासोबत सगळा साठा जातो, असे मी इतरत्र पाहिलेले आहे. दुपारी आलेला तो एरर आला नसता तर इथेही तेच झाले असते.

म्हणून फाइल सिस्टिम लिहिण्यासाठी जोडली, ईटीसीमधील कीबोर्डच्या संगणकव्यापी मांडणीत इंग्रजीनंतर मराठी जोडली आणि संगणक नेहमीच्या पद्धतीने सुरू केला. प्रवेशाच्या पडद्यावर आता भाषेचे चिन्ह दिसू लागले. दिवाणजींनी मराठी निवडली, सकाळपासून दाबत असलेल्या त्याच कळा दाबल्या, आणि ते आत गेले. नंतर त्यांनी माझ्यासमोर टर्मिनलमध्ये एखादे अक्षर टाइप करून भाषा पाहण्याची, ते खोडण्याची आणि मगच पासवर्ड बदलण्याची रीत दोनदा करून पाहिली आणि नवा पासवर्ड इंग्रजीत ठेवला. देवनागरी पासवर्ड तत्त्वतः चुकीचा नाही. पण साधा कन्सोल, दूरवरून जोडलेला संगणक आणि प्रवेशाचा पडदा या सगळ्या ठिकाणी तो टाइप करता येईलच याची खात्री नसते, तोवर तो टाळावा असे माझे मत आहे.

मूळ तक्रार इथे संपली होती. पण ऑपरेटरच्या खात्याचा प्रश्न उरला होता आणि तोच अधिक गंभीर निघाला.

मालकांचे म्हणणे असे होते की ऑपरेटरचा पासवर्ड बदलून तो त्यांना द्यावा. मी त्याऐवजी त्याच रूट शेलमधून मालकांच्या नावाचे नवे खाते उघडले आणि त्याला सुडो गटात घातले. गेलेल्या माणसाच्या खात्यावर दुसऱ्याने काम करू लागणे म्हणजे पुढे लॉगमध्ये कोणी काय केले हे कळण्याचा मार्ग बंद करणे. ऑपरेटरचे खाते बंद करताना पासवर्ड लॉक करणे पुरेसे नव्हते. त्याच्या खात्यात एसएसएच किल्लीची, म्हणजे पासवर्डशिवाय दूरवरून प्रवेश देणारी, फाइल होती, आणि हॅशसमोर उद्गारचिन्ह लावल्याने किल्लीने होणारा प्रवेश थांबत नाही, कारण तिथे पासवर्ड तपासलाच जात नाही. संपूर्ण खाते बंद करायचे असेल तर शॅडोमधील बंद होण्याची तारीख मागे नेऊन ठेवावी लागते. चेज आज्ञेच्या समाप्तीच्या पर्यायाला शून्य दिले की ते होते, आणि मग पासवर्ड, किल्ली, दोन्ही मार्ग अडतात. सांबामधील त्याचे खाते स्वतंत्रपणे बंद करावे लागले, हे वरच्या विवेचनावरून ओघानेच आले.

तसे करण्याआधी त्याच्या नावाने काही चालू आहे का हे पाहिले. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सेवेत, रोज रात्री काटा पावत्यांचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवण्याचे काम लावलेले होते, आणि ते त्याच्याच खात्यावर होते. खाते बंद केले की हे कामही बंद पडेल, म्हणून मी डिस्कवरची शेवटची प्रत पाहिली. ती पावसाळ्यातली होती. दसऱ्यापासून सुरू झालेल्या खरेदीची एकही पावती तिथे नव्हती.

याचे कारण पुन्हा त्या ९० दिवसांत होते. ऑपरेटरने लॉगिन डेफ्स या फाइलमध्ये पासवर्डची कमाल मुदत ९० दिवस ठेवली होती आणि ती त्याच्या स्वतःच्या खात्यालाही लागू होती. तो गेल्यावर पासवर्ड बदलायला कोणी नव्हते, मुदत संपली, आणि क्रॉनने त्या खात्याची कामे चालवणे थांबवले. क्रॉन काम सुरू करण्याआधी पॅमला खात्याची स्थिती विचारतो, आणि पासवर्ड शिळा झाला आहे असे उत्तर आले की ते काम सोडून देतो. लॉगमध्ये रोज रात्री ठरलेल्या वेळी 'पासवर्ड मुदतबाह्य' अशी नोंद शिस्तीत पडत होती. पावसाळ्यात खरेदी नसते म्हणून कोणाला काही जाणवले नाही, आणि हंगाम सुरू झाल्यावर बॅकअप आहेच अशा समजुतीत सगळे राहिले. ज्या दिवशी फॉरमॅटचा सल्ला दिला गेला, त्या दिवशी चालू हंगामाचा सगळा हिशेब त्या एकाच डिस्कवर होता.

बॅकअपचे काम आता एका वेगळ्या सेवा-खात्यावर आहे. त्या खात्याला पासवर्डच नाही आणि मुदतही नाही. पासवर्ड नसणे किंवा लॉक असणे याने क्रॉन अडत नाही; खाते समाप्त होणे किंवा पासवर्डची मुदत संपणे यानेच अडतो. हा फरक वापरकर्त्याला पुढच्या प्रवेशाच्या वेळी पासवर्ड बदलायला लावतानाही ध्यानात ठेवावा लागतो. पासवर्ड जबरदस्तीने शिळा ठरवण्याची ती सोय माणसाच्या खात्यासाठी चांगली आहे, पण त्याच खात्यावर क्रॉनची कामे असतील तर माणूस पासवर्ड बदलेपर्यंत तीही थांबतात.

मालकांनी विचारले की ९० दिवसांऐवजी दर महिन्याला पासवर्ड बदलला तर अधिक सुरक्षित होईल का. माझे उत्तर नकारार्थी होते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शनात ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावू नये, तो उघड झाल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला लावावा, अशी भूमिका घेतली आहे. सक्ती केली की माणसे शेवटी एक आकडा वाढवत जातात किंवा वहीत लिहून ठेवतात. दिवाणजींच्या वहीत तसे लिहिलेले होतेही. मुदत काढून टाकताना केवळ लॉगिन डेफ्स बदलून भागत नाही, कारण तिच्यातली मुदत नवे खाते उघडतानाच लागू होते; आधीच्या प्रत्येक खात्यासाठी चेजने कमाल मुदत वेगळी बदलावी लागली. केबिनसाठी काटा या नावाचे स्वतंत्र खाते केले, ज्याला शेल नाही आणि जे फक्त सांबापुरते आहे, जेणेकरून दिवाणजींच्या पासवर्डचा आणि काट्याचा संबंध राहू नये.

राहिला प्रश्न ग्रबचा. दुरुस्ती करणारा आणि मी, दोघेही कोणताच पासवर्ड न देता रूट झालो होतो, हे मालकांनी पाहिले होते आणि ते त्यांना खटकले. ते खटकणे योग्यच होते. ग्रबला पासवर्ड घालता येतो, पण उबुंटूत तो घातला की नेहमीच्या सुरुवातीलाही तो मागितला जातो. वीज गेल्यावर संगणक आपोआप सुरू होऊन केबिनचे फोल्डर खुले व्हावे, ही गरज त्याने मोडते. म्हणून नेहमीची नोंद निर्बंधमुक्त ठेवून फक्त ओळ बदलण्यासाठी आणि इतर नोंदींसाठी पासवर्ड ठेवला, बायोसमध्ये यूएसबीवरून सुरू होणे बंद करून बायोसलाही पासवर्ड घातला, आणि दोन्ही बंद पाकिटात मालकांच्या तिजोरीत गेले. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडणाऱ्यापुढे यातले काहीच टिकत नाही. तिथे संपूर्ण डिस्क कूटबद्ध करणे हाच उपाय आहे, पण मग दर वेळी सुरू करताना कोणीतरी सांकेतिक वाक्य टाइप करायला हजर असावे लागते, आणि पहाटे वीज आल्यावर काट्यावर गाड्या उभ्या असताना ते शक्य नसते. त्यामुळे कार्यालयातील डिस्क तशीच ठेवली. बॅकअपची बाहेरची डिस्क मात्र दिवाणजी दर शनिवारी घरी नेतात, म्हणून ती लक्स या लिनक्सच्या डिस्क कूटबद्ध करण्याच्या सोयीने कूटबद्ध केली. लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत ३२ पर्यंत सांकेतिक वाक्ये वेगवेगळ्या खणांत ठेवता येतात, आणि एक बदलताना डिस्कवरचा मजकूर पुन्हा कूटबद्ध करावा लागत नाही. सध्या तिचे दोन खण भरलेले आहेत, एक दिवाणजींचा आणि एक मालकांचा. रात्रीच्या कामासाठी तिसऱ्या खणात एक किल्ली-फाइल लागेल. ती कार्यालयातील डिस्कवर कूटबद्ध न करता ठेवावी लागणार असल्याने तूर्त दिवाणजी संध्याकाळी निघण्यापूर्वी स्वतः डिस्क उघडून जातात.